दहा अर्धे दिवस

‘नऊ दिवसांची सुट्टी’ हा शब्दप्रयोगच मुळात फसवा आहे. शुक्रवारी रात्री मुंबईहून निघायचं, पुढच्या शनिवारी रात्री परत यायचं, रविवारी धुणी लावायची आणि सोमवारी कामावर हजर. दोघांच्याही पाच-पाच रजा खर्ची पडतात, कॅलेंडरवर नऊ चौकोन रंगतात. पण पहिला शनिवार विमानतळांवर आणि डुलक्या काढण्यात जातो, शेवटचे दोन दिवस परतीचे. रविवार ते गुरुवार एवढेच काय ते हातात उरतात. त्याचेही दिवस मोजू नयेत, अर्धे दिवस मोजावेत. कारण प्रवासात माणूस दिवसभराचं असं काही करतच नाही. सकाळचं एक होतं, दुपारनंतरचं एक होतं. म्हणजे दहा अर्धे दिवस. एका जोडप्याच्या छोट्या परदेशी सुट्टीचं एवढंच भांडवल असतं आणि ते युरोत नसल्यामुळे त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. शहर बदललं की काय होतं ते पाहा. सकाळी अकराच्या सुमाराला खोली सोडावी लागते, पुढच्या गावची खोली दुपारी तीनच्या आत हाती येत नाही, मधला वेळ बॅगा ओढण्यात आणि स्टेशनवरच्या पाट्या वाचण्यात. एक बदल म्हणजे किमान एक अर्धा दिवस, बहुतेक वेळा दीड. तीन शहरं धरली की दहातले सात उरतात आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. माझं म्हणणं सरळ आहे: एवढ्या भांडवलात एकच शहर परवडतं. ते फ्रेंचभाषक हवं असेल तर पॅरिसऐवजी ल्यों धरावं, आणि महिना जूनचा धरावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो ‘पैसे वसूल’ या आपल्या लाडक्या तत्त्वाचा. एवढं भाडं भरून, व्हिसाचे सोपस्कार करून गेलो आणि एकच गाव पाहून आलो, तर लोक काय म्हणतील? या आक्षेपाच्या मुळाशी आपली जुनी यात्रापद्धती आहे असं मला वाटतं. अष्टविनायकाची बस दोन दिवसांत आठ गणपती घडवते. त्यातलं एक देऊळ राहिलं तर यात्रा अपुरी, म्हणून धावपळीला तिथे अर्थ आहे. संख्या हाच तिथे संकल्प आहे. हीच बस आपण पुढे युरोपात नेली. पण पॅरिस, ल्युसर्न आणि अॅम्स्टरडॅम मिळून कोणताही संकल्प पुरा होत नाही. तो आकडा माहितीपत्रकाच्या सोयीचा आहे, श्रद्धेचा नाही. विमानभाड्याचे पैसे तर मुंबई सोडतानाच गेलेले असतात. ते वसूल करायला आणखी भाडी भरत राहणं म्हणजे बुडीत खात्यात भर घालणं. वयस्कर आईवडील सोबत असतील, जेवणाची पथ्यं असतील, तर सगळं बांधून देणारी सहल बरी, हे मान्यच. इथे प्रश्न फक्त दोघांचा आहे, आणि दोघं धडधाकट आहेत.

फ्रेंचभाषक शहरांत पर्याय तसे बरेच. माँट्रियाल सुंदर आहे, पण तिथे पोचून झोपेचं वेळापत्रक जाग्यावर येईपर्यंत आपले दहातले चार संपतात. जिनिव्हात साध्या जेवणाचं बिल घास अडकवतं. ब्रसेल्स दोन दिवसांचं गाव आहे. ल्योंला (आपल्या नकाशांत ‘लिऑन’, तिथल्या तोंडी जेमतेम एका श्वासाचं ‘ल्यों’) मुंबईहून थेट विमान नाही, पण दुबई, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टला एक थांबा घेऊन तिथेच उतरता येतं. थेट विमानाने पॅरिसला उतरलं, तर विमानतळाच्या पोटातल्या स्टेशनातूनच वेगवान तेजेवे गाडी दोन तासांत आणून सोडते. वस्ती पाच लाखांवर, म्हणजे महाराष्ट्रातल्या मध्यम शहराएवढी. ऱ्होन आणि सोन या दोन नद्या, त्यांच्यामध्ये जिभेसारखी निघालेली जमीन, दोन बाजूंना दोन टेकड्या. इसवी सनापूर्वी ४३ साली रोमनांनी वसवलेलं लुग्दुनुम ते हेच. जुना भाग १९९८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि तो पायी पालथा घालता येतो. पॅरिसला गेलेल्या माणसाला लूव्र, आयफेल, व्हर्साय यांची हजेरी घ्यावीच लागते. ल्योंमध्ये अशी सक्तीची स्थळं नाहीत, आणि छोट्या सुट्टीत ही गोष्ट फार मोलाची आहे.

आता महिना. खरं घोडं इथेच अडतं, कारण ‘उन्हाळ्याची सुट्टी’ या दोन शब्दांचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे. आपली सुट्टी एप्रिल-मे, आंबे संपेपर्यंत. त्यांची जुलै-ऑगस्ट. फ्रान्समध्ये सुट्टी हा कायद्याने मिळवलेला हक्क आहे. १९३६ च्या जूनमध्ये, लेओं ब्लूमच्या सरकारच्या काळात, कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि पहिल्यांदाच गिरण्या-कारखान्यांतली माणसं समुद्रावर गेली. वाढत वाढत ती १९८२ मध्ये पाच आठवड्यांची झाली. तिकडे सुट्टीवर जाणाऱ्यांच्या जातीसुद्धा पडल्या आहेत: ‘जुलैवाले’ आणि ‘ऑगस्टवाले’, दोघांना फ्रेंचमध्ये स्वतंत्र शब्द आहेत. ऑगस्टवाले निघाले की शहरातला बेकरीवाला, चपला दुरुस्त करणारा, पिढीजात खानावळ चालवणारी बाई, सगळे दारावर चिठ्ठी चिकटवून नाहीसे होतात. चिठ्ठीवर परतण्याची तारीख असते आणि ती साधारण तुमच्या विमानानंतरची असते. पॅरिसकडून भूमध्य समुद्राकडे जाणारा रस्ता तर ल्योंच्या पोटातूनच, १९७१ मध्ये खुल्या झालेल्या फुर्व्हिएर बोगद्यातून जातो. सुट्टीच्या शनिवारी तिथे गाड्यांची जी रांग लागते ती फ्रान्सभर कुप्रसिद्ध आहे. फ्रेंचमध्ये ‘बुशों’ म्हणजे बाटलीचं बूच, बुशों म्हणजे वाहतूककोंडी, आणि बुशों म्हणजे ल्योंची खास घरगुती खानावळ. ऑगस्टमध्ये जाणाऱ्याला यातला दुसरा हमखास मिळतो, तिसऱ्याचं काही सांगता येत नाही.

शिवाय ऊन. युरोपातल्या उन्हाला आपण हसतो, पण ल्यों खोलगट खोऱ्यात आहे, जुन्या इमारतींच्या दगडी भिंती तापल्या की रात्रभर निवत नाहीत, आणि वातानुकूलन गृहीत धरण्याची तिकडे पद्धत नाही. २००३ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं दगावली. तेव्हापासून तिकडचं सरकार उन्हाळ्याकडे वेगळ्या नजरेने बघतं. आपणही खोली ठरवताना ‘एसी आहे का’ हे नीट वाचून घ्यावं, ‘पंखा आहे’ यावर समाधान मानू नये. जूनमध्येही एखादी लाट येते, नाही असं नाही. पण जूनच्या पारड्यात एक मोठं वजन आहे ते उजेडाचं. २१ जूनच्या आसपास ल्योंमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो, म्हणजे मुंबईपेक्षा दोन तास उशिरा, आणि त्यानंतरही बराच वेळ आभाळ निळं असतं. सकाळ आणि दुपार यांच्या जोडीला संध्याकाळ हा तिसरा, भरभक्कम तुकडा मिळतो. दहा अर्ध्या दिवसांना पाच संध्याकाळी हातच्याला मिळाल्या. दुसऱ्या शहराने एवढं कधीच दिलं नसतं. २१ जूनला संगीताचा उत्सव असतो, १९८२ पासून देशभर, रस्त्यारस्त्यावर, फुकट. जून-जुलैत फुर्व्हिएरच्या टेकडीवरच्या रोमन रंगमंडलात नाटक, नाच, गाण्यांचा महोत्सव चालतो. प्रेक्षकांना दगडी पायऱ्यांवर बसायला छोट्या उशा देतात आणि प्रयोग आवडला की लोक त्या उशा रंगमंचाच्या दिशेने भिरकावतात. दोन हजार वर्षांच्या जागेत मावळतीच्या उजेडात उशांचा पाऊस पडतो. आणि खरेदीचा विषय निघणारच असेल तर उन्हाळी सवलतींचे आठवडे सरकारच ठरवून देतं. ते साधारणपणे जूनच्या शेवटच्या बुधवारी सुरू होतात.

‘पण आम्हाला मे महिन्यातच जमतं’ हा आक्षेप शाळकरी मुलं असणाऱ्यांचा आहे, आणि त्यांच्यासाठी तो बिनतोड आहे. जोडप्याने मात्र शाळेच्या वेळापत्रकाची गुलामी आपण होऊन का पत्करावी? मुलं नसलेली किंवा मुलं मोठी होऊन उडून गेलेली कितीतरी दांपत्यं केवळ सवयीने मेमध्ये तिकिटं काढतात आणि जास्त भाडं भरतात. शिवाय फ्रान्समधला मे सरकारी सुट्ट्यांनी भोकं पडलेला महिना आहे: पहिली तारीख, आठवी तारीख, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार. गुरुवारला जोडून शुक्रवार घ्यायच्या कलेला तिकडे ‘पूल बांधणं’ म्हणतात. आपल्या कचेऱ्यांत ही कला अवगत आहेच, तिला इतकं देखणं नाव मात्र नाही.

अर्धे दिवस मांडताना शहराचं घड्याळ आधी हवं. स्थळांचा विचार नंतर. कन्फ्ल्युअन्स संग्रहालय सोमवारी बंद, ललितकला संग्रहालय मंगळवारी बंद. रविवारी दुकानं बहुतेक बंद, पण सोनच्या काठावरचा सकाळचा बाजार ऐन भरात. जेवण दुपारी बारा ते दोन. अडीचला भूक लागली तर ती तुमची चूक. रात्रीचं स्वयंपाकघर साडेसातच्या आधी फारसं उघडत नाही. हे तपशील क्षुल्लक वाटतात, पण सोमवारी सकाळी संग्रहालयाच्या बंद दारापुढे उभं राहणं म्हणजे एक दशांश सुट्टी गमावणं. म्हणून रविवारी सकाळी बाजार आणि दुपारी ललितकला. सोमवारी, जेव्हा कन्फ्ल्युअन्सचं दार बंद असतं तेव्हा, उघड्यावरचं ल्यों: जुन्या गावातून केबलने ओढल्या जाणाऱ्या उताराच्या रेल्वेने फुर्व्हिएरवर चढायचं, रोमन अवशेष पाहायचे, पायऱ्यांनी उतरायचं आणि दुपारी ११७ हेक्टरांच्या तेत दॉर बागेत लोळायचं. मंगळवारी दुसरी टेकडी, क्र्वा-रूस.

या दुसऱ्या टेकडीवर जरा थांबायला हवं. ल्योंवाले म्हणतात, एक टेकडी प्रार्थना करते आणि एक राबते. क्र्वा-रूस ही राबणारी. इथे रेशमाचे विणकर राहात. त्यांना कान्यू म्हणत. त्यांची घरं बाहेरून पाहिली तरी काहीतरी वेगळं जाणवतं: खिडक्या अवाजवी उंच आहेत. माणसांपेक्षा मागांच्या मापाने ही घरं बांधली गेली. ल्योंच्याच जोसेफ मारी जाकारने १८०४ मध्ये जो माग तयार केला, तो जवळजवळ चार मीटर उंच होता. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाला सांगे, कोणता धागा उचलायचा आणि कोणता नाही. सोलापूरच्या चादरीवरची वेलबुट्टी उठवणारं ‘जकार्ड’ ते हेच. सोलापुरात रोज उच्चारला जाणारा हा शब्द या शहरातल्या एका माणसाचं आडनाव आहे. पुण्या-बंगळूरला संगणकाचं काम करून पोट भरणाऱ्या जोडप्याचा तर इथे पूर्वज भेटतो. चार्ल्स बॅबेजकडे जाकारचं रेशमात विणलेलं चित्र होतं, २४ हजार पुठ्ठ्यांनी विणलेलं, आणि त्याच्या गणनयंत्राच्या कल्पनेत ही भोकं पाडलेली कार्डं थेट आली. मागाची दुसरी बाजूही याच गल्ल्यांत आहे. १८३१ च्या ऑक्टोबरमध्ये कामाचे किमान दर ठरले, व्यापाऱ्यांनी ते मानायला नकार दिला, आणि नोव्हेंबरमध्ये कान्यू बंड करून टेकडी उतरले. काही दिवस शहर त्यांच्या ताब्यात होतं. १८३४ मध्ये पुन्हा उठले, तेव्हा रक्त सांडलं. घरांच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर काढणाऱ्या बोळवाटा, ज्यांना त्राबूल म्हणतात, त्यांतून पावसात रेशीम कोरडं नेलं जाई आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना चुकवून माणसं. शहरात अशा चारेकशे वाटा आहेत, त्यांतल्या काही मोजक्याच लोकांसाठी खुल्या असतात. आत राहती घरं आहेत, तेव्हा आवाज खाली ठेवायचा.

बुधवारी मोंप्लेझीर. ल्युमिएर बंधूंचा कारखाना इथे होता. १८९५ च्या मार्चमध्ये लुईने कारखान्यातून घरी निघालेल्या कामगारांचं चित्रण केलं. त्या रस्त्याचं नावच आता ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’ असं आहे, आणि फाटकामागची शेड जपून ठेवून तिथे चित्रपटगृह केलं आहे. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसला तिकीट लावून पहिला खेळ झाला आणि ७ जुलै १८९६ ला, जेमतेम सहा महिन्यांनी, तीच फीत मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. तिकीट एक रुपया. खेळ दाखवणारा मारियुस सेस्तिए हा ल्युमिएरांचाच माणूस ऑस्ट्रेलियाला जाता जाता मुंबईत थांबला होता. मराठी सिनेमाचा इतिहास आपण फाळक्यांपासून सांगतो, ते बरोबरच आहे. पण मुंबईने पडद्यावरची हलती माणसं पहिल्यांदा पाहिली ती या उपनगरातून आलेली होती. मोंप्लेझीरला गर्दी नसते. सहलीच्या बसला इथे थांबायला सवड नाही.

आणि दोघांच्या आवडी जुळत नसतील तर? बहुतेक संसारांत त्या जुळत नाहीतच. एकाला संग्रहालयात दर चित्रापुढची पाटी वाचायची असते, दुसऱ्याला नदीकाठी बसून येणारी-जाणारी माणसं बघायची असतात. अनेक शहरांच्या दौऱ्यात हा फरक भांडणाचं कारण होतो, कारण गाडी एकच असते आणि ती दोघांनी मिळून गाठायची असते. एका शहरात मुक्काम असला की वेगळं होता येतं. सकाळी एकाने मागांच्या कार्यशाळेत जावं, दुसऱ्याने शहराची भाड्याची सायकल घेऊन ऱ्होनचा काठ धरावा (ही सायकल-योजना ल्योंने २००५ मध्ये सुरू केली, पॅरिसच्या आधी दोन वर्षं), आणि बाराला बेल्कूरच्या चौकात घोड्याच्या पुतळ्याखाली भेटावं. दिवसातले तीन तास वेगळे घालवलेली माणसं जेवताना एकमेकांना सांगायला काहीतरी घेऊन येतात.

जेवणाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो गोड बोलून उडवता येणार नाही. ल्योंची ख्याती खाण्याची, आणि ते खाणं डुकराचं, आतड्यांचं, मगजाचं. एजेनी ब्राझिए या घरकाम करत मोठ्या झालेल्या बाईच्या दोन खानावळींना १९३३ मध्ये प्रत्येकी तीन मिशलँ तारे मिळाले. पुढे नामवंत झालेला आचारी पोल बोक्यूज तिच्याच हाताखाली शिकला. शाकाहारी माणसाला पारंपरिक बुशोंमध्ये फार काही हाती लागत नाही. गंमत म्हणजे ‘सेर्वेल द कान्यू’, म्हणजे ‘विणकराचा मेंदू’, या भयंकर नावाचा पदार्थ निर्मळ आहे: ताज्या चीजमध्ये लसूण, कांद्याची पात आणि औषधी पाला. चीजमधलं विरजण प्राणिज असू शकतं हे कडक पथ्यवाल्यांनी लक्षात ठेवावं. यावर उपाय हॉटेलच्या नाश्त्यात नाही, चूल असलेल्या खोलीत आहे. एका गावात पाच-सहा रात्री राहणाऱ्यालाच अशी खोली परवडते, आणि बाजारही त्यालाच उपयोगी पडतो: जूनमधल्या चेरी, जर्दाळू, सँ-मार्सलँचं लोण्यासारखं चीज, सकाळचा पाव. एक मांसाहारी आणि एक शाकाहारी अशी जोडी असेल, आणि मराठी घरांत ती असतेच, तर एक दुपार खानावळीला द्यावी आणि बाकी आपली चूल पेटवावी.

व्हिसासुद्धा एकाच गावाच्या बाजूचा आहे. शेंगेनचा अर्ज ज्या देशात जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो. तीन देश धरले की रात्रींची बेरीज-वजाबाकी आणि आरक्षणांची चळत वाढते. शुल्क प्रौढांना ९० युरो, विम्याचं संरक्षण किमान ३० हजार युरोंचं, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ‘पुन्हा कुठे येणं होतंय, आत्ताच सगळं पाहून घेऊ’ हे म्हणणं पूर्वी खरं होतं. २०२४ च्या एप्रिलपासून भारतीयांसाठी नियम सैल झाले आहेत: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरलेल्याला दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. स्वित्झर्लंड पुढच्या खेपेला.

भाषेची भीती थोडक्यात. मराठी माणसाला फ्रेंच व्याकरणातला एक भाग जन्मतःच येतो: ‘तू’ आणि ‘तुम्ही’. अनोळखी माणसाला तुम्ही, दुकानदारालाही तुम्हीच. चुकतं ते दुकानात शिरताना. आपण थेट ‘हे केवढ्याला?’ म्हणतो. तिकडे दुकान म्हणजे कोणाचं तरी घर. आधी ‘बोंजूर’, मग काय ते. हा एक शब्द विसरलेल्याला उद्धट वागणूक मिळते आणि तो गावी येऊन सांगतो की फ्रेंच माणसं उद्धट आहेत.

उरलं पॅरिस. घरच्यांना आयफेलचा फोटो पाठवल्याशिवाय सुटका नसेल तर शुक्रवार त्यासाठी आहे. परतीचं विमान शनिवारी सकाळी पॅरिसहून घ्यावं, शुक्रवारी सकाळच्या तेजेवेने ल्यों सोडावं. दुपारपासून रात्री मनोरा उजळेपर्यंत सेनचा काठ हाताशी आहे, आणि ल्योंच्या दहातला एकही अर्धा दिवस त्यात खर्ची पडत नाही. गुरुवार सकाळ कन्फ्ल्युअन्सला, दोन नद्या मिळतात त्या टोकाला. गुरुवार दुपारपुढे तक्त्यात काहीच लिहू नये. आठवडाभरात जे राहून गेलं किंवा जे पुन्हा करावंसं वाटलं, ते तिथे आपोआप येऊन बसेल. शुक्रवारच्या गाडीचं तिकीट मात्र विक्री खुली होताच काढून ठेवावं. तारीख जवळ येईल तसं ते महाग होत जातं.